चोरलेल्या क्रेडिट कार्डाच्या वापराचे कायदेशीर परिणाम (भारत)

चोरलेल्या क्रेडिट कार्डाचा वापर म्हणजे दुसऱ्या व्यक्तीचे क्रेडिट कार्ड, किंवा त्या कार्डाचा क्रमांक, पिन, मुदत, सीव्हीव्ही इत्यादी तपशील तिच्या संमतीवाचून वापरून वस्तू, सेवा अथवा रोकड मिळवणे होय. भारतात या नावाचा स्वतंत्र गुन्हा कोणत्याही कायद्यात सांगितलेला नाही. कार्ड हस्तगत करणे, ते जवळ बाळगणे, त्याने खरेदी करणे आणि त्या खरेदीचा माल स्वीकारणे या प्रत्येक कृतीला कायद्याने निरनिराळे नाव दिले असून तिची शिक्षाही निरनिराळी आहे. त्यामुळे पाचशे रुपयांच्या एका खरेदीतूनही तीन-चार कलमे लागू होऊ शकतात. याउलट कार्ड स्वतः न चोरणारा, किंबहुना ते कधी हातातही न धरलेला मनुष्य गुन्हेगार ठरू शकतो.

या विषयाला मुख्यतः दोन कायदे लागू होतात : भारतीय न्याय संहिता, २०२३ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्यांसाठी आजही १८६० ची भारतीय दंड संहिताच लागू होते. कार्डधारकाला सोसाव्या लागणाऱ्या नुकसानीचा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांनी नियंत्रित होतो.

कार्डाची चोरी

दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम मालमत्ता त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी, ही व्याख्या जुन्या दंड संहितेच्या कलम ३७८ मधून न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला मात्र किमान एक व कमाल पाच वर्षांची सक्तमजुरी आणि दंड होतो. राहत्या घरातून किंवा प्रवासी वाहनातून कार्ड चोरले, अथवा नोकराने मालकाचे कार्ड चोरले, तर शिक्षेची मर्यादा सात वर्षांपर्यंत जाते.

व्याख्या तीच राहिली तरी तिच्यातील एका शब्दाचा अर्थ बदलला आहे. १८६० च्या संहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू असे स्पष्ट म्हटले होते. त्या व्याख्येनुसार कार्डाचा तुकडा चोरता येत असे. पण उपाहारगृहातील नोकराने कार्डावरचे आकडे नुसते पाठ केले किंवा त्यांचे छायाचित्र काढले, तर त्याला चोरी म्हणणे कठीण होते. न्याय संहितेने व्याख्येतील ‘मूर्त’ हा शब्द गाळला आणि जमीन व जमिनीशी जखडलेल्या वस्तू वगळता सर्व प्रकारच्या मालमत्तेचा तीत समावेश केला. तरीही केवळ आकड्यांची नक्कल केल्याने मूळ मालकाच्या ताब्यातून काही हलते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. अशा प्रकरणांत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचा आधार अधिक भक्कम ठरतो.

कुटुंबातील व्यक्तीने कार्ड वापरल्यास ती चोरी होते का, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. नातेसंबंधाला कायद्याने कोणतीही सरसकट सूट दिलेली नाही. प्रश्न केवळ संमतीचा आणि हेतूचा असतो. संमती शब्दांतूनच द्यावी लागते असेही नाही. मित्राच्या गैरहजेरीत त्याच्या ग्रंथसंग्रहातून वाचून परत करण्यासाठी पुस्तक नेणाऱ्याचे उदाहरण या कलमाखालीच दिलेले आहे. आपल्याला तशी मुभा आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर ती चोरी नव्हे. घरातील किराणा नेहमी वडिलांच्या कार्डावर आणणाऱ्या मुलाची स्थिती या उदाहरणाजवळची आहे. वडिलांनी कार्ड काढून घेऊन नकार दिल्यानंतर ते कपाटातून गुपचूप नेणाऱ्या मुलाची तशी नाही.

सापडलेले कार्ड

रस्त्यात पडलेले, कोणाच्याही ताब्यात नसलेले कार्ड उचलणे ही चोरी नाही. म्हणून ‘मी चोरले नाही, मला सापडले’ हा बचाव आरोपीकडून हमखास मांडला जातो. तो चोरीच्या आरोपापुरता खरा असला तरी तेवढ्याने सुटका होत नाही. न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार सापडलेली वस्तू मालकाला परत देण्यासाठी किंवा सांभाळण्यासाठी उचलणे निर्दोष आहे. परंतु मालक कोण हे माहीत असताना, किंवा ते शोधण्याचे साधन हाताशी असताना, ती स्वतःच्या उपयोगाला लावणे हा अपहाराचा गुन्हा आहे. त्याची शिक्षा जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड अशी होती. नव्या संहितेने किमान सहा महिन्यांचा कारावास आणि दंड दोन्ही अनिवार्य केले, ही या बाबतीतील मोठी वाढ होय.

या कलमाखालील एक जुने उदाहरण क्रेडिट कार्डाला नेमके लागू पडते. एका मनुष्याला धारकाला देय असलेला धनादेश सापडतो. तो कोणाचा हरवला हे त्याला ठाऊक नाही. पण धनादेशावर तो लिहून देणाराचे नाव आहे आणि त्याच्याकडून मालकाचा पत्ता लागू शकतो. असे असूनही शोध न घेता त्याने तो वापरला, तर तो दोषी. क्रेडिट कार्डावर बँकेचे नाव छापलेले असते आणि तिचा दूरध्वनी क्रमांकही मिळण्यासारखा असतो. ‘मालक कोण ते कळले नाही’ असे म्हणायला कार्ड सापडलेल्या मनुष्याला फारशी जागा उरत नाही.

कार्ड वापरणे : फसवणूक आणि तोतयेगिरी

गुन्ह्याचे गांभीर्य खऱ्या अर्थाने वाढते ते कार्ड वापरल्या क्षणी. दुकानदारापुढे दुसऱ्याचे कार्ड धरणारा तोंडाने एक शब्दही उच्चारत नसला, तरी ‘हे कार्ड वापरण्याचा मला अधिकार आहे’ असे आपल्या वागण्यातून सांगत असतो. वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपवणे हीसुद्धा दिशाभूलच आहे, असे स्पष्टीकरण न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. अशी दिशाभूल करून दुसऱ्याला मालमत्ता द्यायला प्रवृत्त केल्यास कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमानुसार सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. जुन्या संहितेतील कलम ४२० ते हेच. ‘चारसोबीस’ हा शब्द बोलीभाषेत टिकला असला तरी आकडा आता बदलला आहे.

स्वतःला कार्डधारक म्हणून भासवणे, म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक करणे, हा कलम ३१९ खालील वेगळा गुन्हा असून त्याची शिक्षा तीनवरून पाच वर्षांपर्यंत वाढवण्यात आली आहे. पावतीवर कार्डधारकाची खोटी सही केली, किंवा चोरलेल्या तपशिलांवरून नवे बनावट कार्ड तयार केले, तर खोटा दस्तऐवज तयार करणे व तो खरा म्हणून वापरणे ही कलमेही जोडली जातात. फसवणुकीच्या हेतूने केलेल्या बनावट दस्तऐवजासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

फसवणूक होण्यासाठी कोणीतरी ‘व्यक्ती’ फसावी लागते. एटीएम यंत्राला समजूत नसते. मग चोरलेले कार्ड व पिन वापरून यंत्रातून नोटा काढणाऱ्याने फसवले कोणाला? या तात्त्विक अडचणीमुळे अशा प्रकरणांत बँकेच्या रोकडीची चोरी आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील गुन्हे यांचा आधार घेतला जातो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील तरतुदी

हा अधिनियम २००० साली झाला तेव्हा त्यात ओळखचोरीसंबंधी कलम नव्हते. २००८ च्या दुरुस्तीने ती उणीव भरून काढली व ती दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आली. मूळ कलम ६६ मध्ये ‘हॅकिंग’ हा शब्द होता, तो याच दुरुस्तीत गेला. ‘कार्ड हॅक झाले’ असे लोक आजही म्हणतात, पण त्या नावाचा गुन्हा या अधिनियमात उरलेला नाही.

कलम ६६सी नुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा अन्य कोणतेही एकमेव ओळखचिन्ह लबाडीने वा अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा आहे. कार्ड क्रमांक, पिन आणि ओटीपी यांचा वापर या शब्दांत बसवला जातो. येथे नुकसान किती झाले याला महत्त्व नाही. व्यवहार शेवटी नाकारला गेला तरी वापर घडलेला असतो. कलम ६६डी संगणक किंवा संपर्कसाधनाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी आहे. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून फोनवर ओटीपी काढून घेणारे या कलमाच्या कक्षेत येतात. दोन्ही कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. चोरीची संगणकीय सामग्री जाणूनबुजून स्वीकारण्याबद्दल कलम ६६बी आहे. ‘संगणकीय सामग्री’च्या व्याख्येत माहितीसाठाही येत असल्याने चोरलेल्या कार्ड क्रमांकांची यादी विकत घेणाराही या कलमातून सुटत नाही.

या अधिनियमाखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा लागतो. अधिनियमाच्या कलम ७५ मुळे परदेशात बसून भारतातील संगणकाद्वारे केलेला गुन्हाही कायद्याच्या कक्षेत येतो. आरोपीला प्रत्यक्ष येथे आणणे ही मात्र वेगळी आणि बहुधा लांबणारी प्रक्रिया असते.

एक कृत्य, दोन कायदे

एकाच ऑनलाइन खरेदीला एकीकडे न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम लागते आणि दुसरीकडे अधिनियमातील ६६सी व ६६डी ही कलमे लागतात. पहिल्यात सात वर्षांची शिक्षा असून गुन्हा अजामीनपात्र आहे; दुसऱ्यात तीन वर्षांची असून गुन्हा जामीनपात्र आहे. त्यामुळे कोणते कलम लावायचे हा आरोपीच्या दृष्टीने नुसता शब्दांचा वाद नसतो. अटकेनंतरची पहिली रात्र कोठडीत जाणार की घरी, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

विशेष कायदा सामान्य कायद्यावर मात करतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अखेरीस शरत बाबू दिगुमर्ती प्रकरणात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाला लावले. ते प्रकरण अश्लील मजकुरासंबंधीचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गगन हर्ष शर्मा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात तेच तत्त्व पुढे नेले : जे कृत्य अधिनियमात संपूर्णपणे सामावते, त्याच कृत्यासाठी पुन्हा दंड संहितेतील फसवणुकीची व न्यासभंगाची कलमे लावता येणार नाहीत. अन्यत्र मात्र एकाच घटनेतील दोन वेगळ्या घटकांसाठी दोन्ही कायदे लावता येतात अशी भूमिका घेतली गेली आहे. व्यवहारात पोलीस प्रथम माहिती अहवालात दोन्ही कायद्यांची कलमे नोंदवतात आणि त्यांतील कोणती टिकतात ते पुढे न्यायालयात ठरते.

पाच हजारांची रेषा

१ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार कार्ड यंत्राला नुसते टेकवून, पिन न टाकता करता येतो. त्याआधी ही मर्यादा २,००० रुपये होती. योगायोग असा की न्याय संहितेतही चोरीसंबंधी ५,००० रुपयांचीच रेषा आहे. त्याहून कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्या व्यक्तीने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तिला तुरुंगवासाऐवजी समाजसेवेची शिक्षा दिली जाते. इतकेच नव्हे, तर एवढ्या किमतीची चोरी अदखलपात्र व जामीनपात्र धरलेली आहे.

ही दोन माहिती एकत्र ठेवून ‘पाच हजारांच्या आत टेकवले तर काही होत नाही’ असा समज करून घेणे धोक्याचे आहे. ती सवलत केवळ चोरीच्या कलमाला आहे. दुकानदारापुढे कार्ड टेकवताच फसवणुकीचे कलम लागू होते आणि त्यात रकमेची कोणतीही खालची मर्यादा नाही. ६६सी मध्येही नाही. चार हजारांचे पाच व्यवहार केले तर ते पाच वेगळे गुन्हे असतात. बारा महिन्यांच्या आत घडलेले एकाच प्रकारचे पाच गुन्हे एकाच खटल्यात चालवण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही संख्या तीन होती.

माल स्वीकारणारे, मध्यस्थ आणि टोळ्या

चोरलेल्या कार्डाने मागवलेला मोबाइल क्वचितच कार्ड वापरणाऱ्याच्या स्वतःच्या घरी येतो. ‘तुझ्या पत्त्यावर पार्सल घे, दोन हजार देतो’ असे सांगून एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा बेकार तरुण गाठला जातो. तपासाचा माग बहुधा आधी याच्याच दारात पोहोचतो, कारण संपूर्ण साखळीत खरा पत्ता तेवढा त्याचाच असतो.

चोरीची मालमत्ता स्वीकारणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खालील गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सराईतपणे असा माल घेणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या संहितेतील व्याख्येत चोरी, खंडणी, लूट, अपहार व न्यासभंग यांतून आलेली मालमत्ता होती. फसवणुकीतून मिळालेली मालमत्ता नव्या संहितेने तीत स्पष्टपणे घातली. कार्डाने फसवून घेतलेला माल हा आता निःसंशयपणे चोरीचा माल आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असणे, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असणे, हा या गुन्ह्याचा गाभा होय. अनोळखी माणसाने पत्ता वापरण्यासाठी पैसे देऊ करावेत, हेच असे कारण ठरू शकते.

कार्ड यंत्रात घालताना त्याची नक्कल करून घेणे, ज्याला स्किमिंग म्हणतात, त्याचा उल्लेख न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये नावानिशी आला आहे. गटाचा किंवा टोळीचा सदस्य म्हणून असे कृत्य करणाऱ्याला ‘किरकोळ संघटित गुन्हेगारी’ या सदरात किमान एक व कमाल सात वर्षांचा कारावास व दंड आहे. एक वर्षाची किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्याला किरकोळ म्हणणे चमत्कारिक वाटते. कलम १११ मधील मोठ्या संघटित गुन्हेगारीशी तुलना करून ते नाव आले आहे. तेथे किमान शिक्षाच पाच वर्षांची आहे.

दुकानदार सामील असेल तर तो कटाचा भागीदार ठरतो. प्रामाणिक दुकानदार गुन्हेगार नसतो, पण खऱ्या कार्डधारकाने तक्रार केल्यावर बँक पुष्कळदा त्याच्याकडून रक्कम वळती करून घेते. माल गेलेला असतो आणि पैसेही जातात.

गाजलेले खटले

भारतातील सायबर गुन्ह्यांत दोषसिद्धीचे प्रारंभीचे उदाहरण म्हणून सांगितला जाणारा दिल्लीतील खटला नेमका याच विषयाचा आहे. परदेशस्थ भारतीयांनी पैसे भरायचे आणि भारतातील नातेवाइकांना वस्तू घरपोच मिळायची, अशी योजना सोनी कंपनीने संकेतस्थळावर चालवली होती. मे २००२ मध्ये एका परदेशी महिलेच्या नावाने रंगीत दूरचित्रवाणी संच व बिनतारी हेडफोन मागवण्यात आला. पैसे कार्डावरून आले, वस्तू नोएडातील पत्त्यावर पोहोचल्या आणि पोहोचवताना छायाचित्रेही काढली गेली. सुमारे दीड महिन्याने कार्ड कंपनीने कळवले की, खऱ्या कार्डधारकाने ही खरेदी केलेलीच नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात असे आढळले की, नोएडातील एका कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या तरुणाने ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक मिळवून ही मागणी नोंदवली होती.

त्या वेळी ६६सी अस्तित्वात नव्हते. दंड संहितेच्या ४१८, ४१९ आणि ४२० या कलमांखाली २००३ मध्ये आरोपी दोषी ठरला. वय २४ वर्षे, पहिलाच गुन्हा आणि दिलेली कबुली पाहून न्यायालयाने त्याला तुरुंगात न पाठवता एका वर्षाच्या परिवीक्षेवर सोडले. एकोणिसाव्या शतकातील कायदा इंटरनेटवरील फसवणुकीला पुरा पडू शकतो, हे या निकालाने दाखवले.

महाराष्ट्रातील सर्वांत मोठे प्रकरण क्रेडिट कार्डाचे नसून बनावट डेबिट कार्डांचे आहे. पण कायद्याची तत्त्वे तीच आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवण्यात आले. त्यांपैकी मोठा भाग नक्कल केलेल्या कार्डांनी २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढला गेला, काही रक्कम भारतातूनही. पुण्यातील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. परदेशातून सूत्रे हलवणारे त्यांत नव्हते; शिक्षा झाली ती येथे पैसे काढणाऱ्या साखळीतील लोकांना.

पुरावा

अशा खटल्यांत साक्षीदार बहुधा नोंदी असतात : व्यवहाराची वेळ, यंत्राचा क्रमांक, आयपी पत्ता, मोबाइलचे स्थान, दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण. या नोंदी न्यायालयात दाखल करताना त्या कोणत्या यंत्रातून, कशा काढल्या याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी ही तरतूद भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५बी मध्ये होती. आता ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्र अनिवार्य आहे की नाही याबद्दलचा दीर्घकाळचा गोंधळ सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालाने संपवला. वाद जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणुकीचा होता, परंतु त्याचा परिणाम देशातील प्रत्येक सायबर खटल्यावर झाला : मूळ यंत्रच हजर केले नसेल तर प्रमाणपत्रावाचून इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून ग्राह्य नाही. दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून तक्रारीला झालेला उशीर पुराव्याच्या मुळावर येतो.

शिक्षेखेरीज होणारे परिणाम

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक न करता आधी नोटीस देऊन चौकशीला बोलवावे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने घालून दिला आहे. फसवणुकीचा गुन्हा फसवल्या गेलेल्या व्यक्तीच्या संमतीने व न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो. ६६सी व ६६डी हेही तडजोडयोग्य आहेत. पण पीडित व्यक्ती स्त्री किंवा अठरा वर्षांखालील असल्यास अधिनियमाने ही वाट बंद ठेवली आहे. केवळ रक्कम परत केली म्हणून गुन्हा आपोआप रद्द होत नाही. प्रथम गुन्हेगाराला परिवीक्षेवर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने दिला आहे.

आरोपी अठरा वर्षांखालील असेल तर खटला नेहमीच्या न्यायालयात न चालता बाल न्याय मंडळापुढे चालतो. तेथे समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड असे आदेश होतात आणि दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता पुढे चिकटत नाही. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला हे संरक्षण नाही. चोरी व फसवणूक हे नैतिक अधःपतनाचे गुन्हे मानले जातात. शासकीय नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत प्रलंबित खटलाही सांगावा लागतो आणि तो लपवणे हे स्वतंत्रपणे नेमणूक रद्द होण्याचे कारण ठरू शकते. अशा गुन्ह्यात दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाल्यास पुढील पाच वर्षे पारपत्र नाकारले जाऊ शकते. खटला चालू असतानाही न्यायालयाच्या परवानगीवाचून ते मिळणे कठीण असते.

कार्डधारकाचे दायित्व आणि नुकसानभरपाई

गुन्हेगार सापडो वा न सापडो, देयकाचा दिवस येतोच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने येथे कार्डधारकाला मोठा आधार दिला. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डासाठी कमाल १०,००० व त्यावरील कार्डासाठी कमाल २५,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू होते. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे; कळवल्यानंतरचे बँकेचे.

ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती परत जमा दाखवायची आणि नव्वद दिवसांत निर्णय द्यायचा असतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार नाकारली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ खाली पाच कोटी रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे अभिनिर्णय अधिकारी म्हणून चालतात. या मार्गाची माहिती वकिलांनाही कमीच असते.

तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक असून तेथे कळवलेली रक्कम पुढच्या खात्यांत गोठवण्याचा प्रयत्न केला जातो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्याने तो ‘शून्य’ क्रमांकाने नोंदवून घेतला पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. हद्दीचे कारण देऊन तक्रारदाराला परत पाठवण्यास कायद्याचा आधार नाही.

भारताबाहेर

देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली. परदेशातील अनेक विक्रेत्यांना मात्र कार्ड क्रमांक, मुदत व सीव्हीव्ही एवढेच पुरत आले असल्याने भारतीय कार्डांचा गैरवापर पुष्कळदा तेथे होतो. २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड देताना परदेशी व ऑनलाइन वापर बंद ठेवलेला असतो आणि तो धारकाने स्वतः चालू करावा लागतो.

अमेरिकेत चोरलेल्या क्रेडिट कार्डाच्या वापराबद्दल स्वतंत्र संघीय कलम आहे. एका वर्षात एक हजार डॉलर किंवा अधिक किमतीचा गैरवापर झाल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तेथे कार्डधारकाचे दायित्व कायद्यानेच पन्नास डॉलरवर रोखलेले आहे. इंग्लंडमध्ये २००६ च्या फ्रॉड अ‍ॅक्टखाली कमाल शिक्षा दहा वर्षांची आहे. या देशांत शिकणाऱ्या परकीय विद्यार्थ्याला अशा दोषसिद्धीनंतर व्हिसा गमावण्याची व देशाबाहेर पाठवले जाण्याचीही शक्यता असते.